शेला लाल-पिवळा, वही कोरी

वाचकाचं पत्र, थोडक्यात: आम्ही बेळगावात, शहापुरात राहतो. घरची भाषा मराठी. मुलगा नववीत आहे, इंग्रजी माध्यमात. मुलगी दुसरीत, त्याच शाळेत. मुलगा कन्नड छान बोलतो. शाळेतल्या कन्नड निबंध स्पर्धेत त्याचा पहिला नंबर आला. गेल्या १ नोव्हेंबरला तो लाल-पिवळा, कन्नड झेंड्याच्या रंगांचा शेला घालून मित्रांबरोबर राज्योत्सवाच्या, म्हणजे कर्नाटकच्या स्थापनादिनाच्या, मिरवणुकीत गेला आणि त्याच सकाळी माझे सासरे मराठी माणसांच्या काळ्या दिवसाच्या निषेधफेरीत होते. सासऱ्यांनी चाळीस वर्षं भाजीची अडत केली, १९८६च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात लाठ्या खाल्ल्या. कुणीतरी मुलाचा फोटो स्टेटसला ठेवला, तो त्यांच्यापर्यंत पोचला. तीन दिवस ते नातवाशी बोलले नाहीत. मुलगा मला म्हणाला, “आई, मी नेमका कोण? शाळेत मला मराठी म्हणतात आणि कोल्हापुरात मामाची पोरं कानडी म्हणतात.” मिस्टर म्हणतात, दहावी झाली की पुण्याला पाठवू, प्रश्नच मिटेल. मराठी तो अडखळत वाचतो, लिहिता जवळजवळ येत नाही. मी काय करू?
— एक आई, शहापूर, बेळगाव

नमस्कार ताई,

पुण्याचा विषय आधी बाजूला ठेवू या, कारण तो घाईचा आहे आणि महागातही पडू शकतो. त्याचा हिशेब पुढे मांडला आहे.

तुमच्या घरात सगळ्यांचं लक्ष शेल्याकडे लागलं आहे. पण तुमच्याच पत्रात शेवटी, जाता जाता लिहावं तसं, एक वाक्य आलं आहे: मराठी लिहिता येत नाही. खरी गळती तिथे आहे, आणि ती कन्नडमुळे झालेली नाही. मुलगा कन्नडमध्ये निबंध लिहू शकतो, कारण कुणीतरी त्याला अक्षरं गिरवायला लावली, वह्या तपासल्या, गुण दिले. मराठीसाठी हे कुणी केलंच नाही. घरात मराठी आहे, पण ती ‘जेवायला ये’, ‘मोबाइल ठेव’, ‘आंघोळ झाली का’ एवढ्यापुरती. त्यातली एकही गोष्ट कागदावर उतरत नाही. इंग्रजी माध्यम तुम्ही निवडलं. त्यात काही चूक नाही, बेळगावातल्या कितीतरी मराठी घरांनी तेच केलं. मात्र त्याचा दोष कन्नडच्या माथी मारू नका. पोराला ते दिसतं आणि मग तो तुमच्या इतर बोलण्यावरही विश्वास ठेवत नाही.

आता त्याच्या प्रश्नाकडे. “मी कोण?” या एका प्रश्नात तीन वेगळे प्रश्न आहेत: घरची भाषा कोणती, राहतो ते राज्य कोणतं, देश कोणता. उत्तरं मराठी, कर्नाटक, भारत. तिन्ही एकाच वेळी खरी आहेत. अर्जातसुद्धा हे तीन रकाने वेगवेगळेच असतात. मग घरात भांडण का होतं? कारण आजोबांच्या पिढीसाठी पहिले दोन प्रश्न एकच होते. १ नोव्हेंबर १९५६ला मुंबई राज्यातला बेळगाव जिल्हा (चंदगड तालुका सोडून) धारवाड, विजापूर आणि कारवारसह म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेला. आदल्या रात्री एका राज्यात निजलेली माणसं सकाळी दुसऱ्या राज्यात उठली. पुढे या सीमावादावर महाजन आयोग आला, १९६७ साली त्याचा अहवाल आला, तो महाराष्ट्राने नाकारला. ८६५ गावांवरचा दावा घेऊन महाराष्ट्र २००४ साली सर्वोच्च न्यायालयात गेला. तो निकाल अजून यायचाच आहे. त्या माणसांसाठी मराठी असणं म्हणजे महाराष्ट्रात जाण्याच्या मागणीत असणं. तुमच्या मुलाने मात्र डोळे उघडल्यापासून कर्नाटकच पाहिलं. त्याचे बाकावरचे मित्र, क्रिकेटची टीम, आवडते सर, यांतले निम्मे कन्नड. त्याने शेला घातला तो मित्रांबरोबर असायला. आजोबांना त्यात आपल्या आयुष्याचा पराभव दिसला. दोघंही खोटं वागलेले नाहीत, म्हणून कुणीही कुणाची माफी मागायची नाही. माफी मागायला लावलीत तर पुढच्या वर्षी तो चोरून जाईल, एवढाच फरक पडेल.

एक गोष्ट आजच बंद करा. घरात कुणी कन्नडला ‘यंडुगुंडू’ म्हणत असेल, चेष्टेने का होईना, तर ते थांबवा. कोल्हापूरच्या मामांनाही फोन करून स्पष्ट सांगा की पोरांनी भाच्याला ‘कानडी आप्पा’ म्हणायचं नाही. ज्या भाषेत त्याने बक्षीस मिळवलं तिची टिंगल जिथे होते, त्या घराची भाषा तो कशाला शिकेल? शाळेत कुणी “ए मराठी” म्हणून हिणवलं तर त्यानेही चिडायचं नाही, मान खाली घालायची नाही. “हो, घरी मराठी. तुझ्या घरी काय बोलतात?” एवढं कन्नडमधून विचारायचं. बेळगावात या प्रश्नाला अर्ध्या वर्गाकडून उर्दू, कोंकणी, तेलुगू, मारवाडी अशी उत्तरं येतात आणि चिडवणाऱ्याची हवा जाते.

उदाहरण हवंच असेल तर जवळ धारवाडच आहे. द. रा. बेंद्रे यांच्या घरची भाषा मराठी, कविता कन्नड. १९७३चं ज्ञानपीठ त्यांना कन्नडसाठी मिळालं. सोलापूरच्या कॉलेजात त्यांनी वर्षानुवर्षं शिकवलं आणि मराठीतही लिहिलं. उलट दिशेने पाहायचं तर गदगचे भीमसेन जोशी, घरी कन्नड, आयुष्य पुण्यात, आणि मराठी माणसाची आषाढी त्यांच्या आवाजाशिवाय सरत नाही. हे एकदा, गाडीत जाता जाता सांगा. जेवणाच्या ताटावर व्याख्यान नको. विठोबा कानडी होता हे तर त्याला आत्तापर्यंत दहा जणांनी ऐकवलं असेल, त्याचा त्याला काडीचा उपयोग नाही.

आजोबा आणि नातू

मुलाने आंदोलनाबद्दल आजवर बहुधा घोषणा आणि हुकूमच ऐकले असतील, हकिकत नाही. ती ऐकायची सोय करा. रविवारी दुपारी, चहाच्या आधी, अर्धा-पाऊण तास. मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करायचा आणि प्रश्न मुलाने विचारायचे. सुरुवात ‘आंदोलनाबद्दल सांगा’ अशी केली की भाषण सुरू होतं. तिथेच अशा बैठका फसतात. सुरुवात वस्तूपासून करा: जुनं रेशनकार्ड, अडतीची कीर्दवही, एखादा फोटो. मग साधे प्रश्न. तुमची शाळा कुठली? १९५६ला घरात काय बोलणं झालं होतं? अडतीत शेतकऱ्याशी कुठल्या भाषेत बोलत होता? १९८६ला त्या दिवशी घरून काय खाऊन निघालात? लाठी कुठे लागली? घरी कुणी आणलं? ‘का’ विचारायची घाई नको. माणूस ‘काय झालं’ सांगत गेला की ‘का’ आपोआप येतं. तुम्ही आणि मिस्टर त्या खोलीत थांबू नका, कारण मोठी माणसं मध्ये दुरुस्त्या करतात आणि सांगणारा गप्प होतो. अशा तीन बैठका तीन रविवारी, लागोपाठच्या दिवशी नको. शेवटच्या रविवारी आजोबांनी प्रश्न विचारायचे आणि नातवाने सांगायचं: शाळेत कोण मित्र, मिरवणुकीत काय पाहिलं, बरं काय वाटलं. हे उलटं सत्र टाळू नका. पहिल्या दोन्हींपेक्षा त्याचं वजन जास्त आहे.

मराठी लिहायला शिकवणं

इथे मुलाची निम्मी वाट आधीच चालून झाली आहे. हिंदीमुळे देवनागरी येते, कन्नडमुळे कान तयार आहे. ‘ळ’ त्याला शिकवावा लागणार नाही, कन्नडमध्ये तो आहेच. त्याची गाडी अडेल ती पुढच्या जागी.

हिंदीच्या सवयीने तो प्रत्यय सुटा लिहील: ‘घर त’, ‘शाळे ला’. त्याला सांगा, हिंदी ‘घर में’ विसर आणि कन्नड ‘मनेयल्लि’ आठव. मराठी इथे कन्नडसारखी जोडून चालते: घरात, शाळेला. एका वाक्यात हे कळेल. दुसरी अडचण शब्दाच्या बदलत्या रूपाची: आंबा–आंब्याचा, मासा–माशाला, पाऊस–पावसात. याचे नियम पाठ करवू नका. रोज पाच शब्दांच्या जोड्या म्हणून घ्या, बोलताना त्या त्याला येतातच. तिसरी ‘दुसऱ्या’, ‘पायऱ्या’ यातला ऱ्य आणि ‘सूर्य’, ‘आचार्य’ यातला र्य. हे हाताने वीस वेळा लिहूनच बसतं. चहातला आणि चाकातला ‘च’, जन्मातला आणि ‘जर’मधला ‘ज’ वाचताना चुकेल, तो ऐकून सुधारतो. आणि शेवटचा अनुस्वार: केलं, गेलं, घरं. तो नेहमी गळतो. पहिले दोन महिने गळू द्या.

वेळ रोज वीस मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस. दोन दिवस मोठ्याने वाचन, वर्तमानपत्राच्या क्रीडापानावरच्या आठ-दहा ओळी. दोन दिवस श्रुतलेखन, पाच वाक्यं, आणि ती त्याच्याच बोलण्यातली: “सरांनी आज टीममधून मला काढलं.” शनिवारी स्वतःच्या मनाचं अर्धं पान. पुस्तक हवं तर बालभारतीचं चौथीचं मराठीचं घ्या, संकेतस्थळावर पीडीएफ फुकट मिळते. नववीचा आहे म्हणून नववीचं पुस्तक उघडलंत तर आठवड्यात वही बंद होईल. चौथी, मग पाचवी, मग सहावी, एवढं सहा-आठ महिन्यांत निभतं. जाड ऐतिहासिक कादंबरी भेट देण्याचा मोह आवरा. अशा कादंबऱ्या बहुतेक कपाटातच राहतात.

तपासताना एका पानावर तीनच चुका, पेन्सिलने. लाल शाई नको. आणि त्याची बोली तोडू नका. “मी अभ्यास करालोय की” हे बेळगावचं मराठी आहे, अशुद्ध मराठी नव्हे. त्याने वहीत तसंच लिहिलं तर शेजारी ‘करतो आहे’ लिहा आणि सांगा की छापील कागदावर हे, तोंडात ते. आपली बोलीच चूक म्हटली की पोरगं दोन्हीकडून तुटतं: पुण्याचं मराठी येत नाही आणि बेळगावचं बोलायची लाज वाटते. दहावीच्या जानेवारीपासून परीक्षा संपेपर्यंत पाचाचे दोन दिवस करा, पण शून्य करू नका.

कागदपत्रं आणि पुणं

‘मातृभाषा’ या रकान्यात काय लिहायचं असा घोळ अशा घरांत नेहमी होतो. जनगणनेची व्याख्या सरळ आहे: लहानपणी आई ज्या भाषेत मुलाशी बोलली ती मातृभाषा. म्हणजे मराठी. त्याशिवाय येणाऱ्या आणखी दोन भाषाही नोंदवता येतात. ज्या क्रमाने चांगल्या येतात त्या क्रमाने सांगायच्या असतात, तिथे कन्नड जरूर सांगा. १ मार्च २०२७ ही संदर्भतारीख धरून जनगणना होते आहे, तेव्हा प्रगणक दारात आला की घरातल्या प्रत्येकाची नोंद एकसारखी विचार करून द्या. घाईत ‘इंग्लिश’ सांगणारे पालकही असतात. शाळेच्या दाखल्यावरही आत्ताच पाहा, मातृभाषा काय नोंदली आहे. कर्नाटकातल्याच, शिक्षणाच्या माध्यमाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली सांगितलं की मुलाची मातृभाषा कोणती हे पालकांनी ठरवायचं, सरकारने नव्हे. दाखल्यावर चूक असेल तर दहावीच्या आधी अर्ज देऊन दुरुस्त करून घ्या, नंतर हेलपाटे वाढतात.

हा दाखला पुढे का लागतो ते सांगतो. महाराष्ट्रातल्या अभियांत्रिकी प्रवेशात सीमाभागातल्या मराठी विद्यार्थ्यांसाठी ‘टाइप ई’ म्हणून वेगळी पात्रता आहे. त्यासाठी दहावी आणि बारावी दोन्ही सीमाभागातल्या संस्थेतून झालेली लागते, आणि दोन प्रमाणपत्रं: सीमाभागातला असल्याचं एक, मातृभाषा मराठी असल्याचं दुसरं. आता मिस्टरांच्या बेताप्रमाणे दहावी बेळगावात आणि अकरावी-बारावी पुण्यात केली तर काय होतं पाहा. बारावी सीमाभागात नाही, म्हणून ‘टाइप ई’ गेलं. दहावी महाराष्ट्रात नाही, म्हणून सरळ महाराष्ट्राचा विद्यार्थी, ‘टाइप ए’, तेही नाही. आणि तुम्ही उभयता कर्नाटकात राहता, म्हणजे महाराष्ट्राच्या अधिवासाच्या आधारावर मिळणारी पात्रताही नाही. प्रश्न मिटवायला निघालात आणि मुलगा महाराष्ट्राच्याच दारात अडकून उभा राहिला, असं व्हायचं. तेच बारावीपर्यंत बेळगावात ठेवलंत तर कर्नाटकच्या सीईटीची सात वर्षं शिक्षणाची अट तर बसतेच, शिवाय ‘टाइप ई’सुद्धा हातात राहतं. दरवर्षी माहितीपुस्तिका नवी येते, ती अकरावीला प्रवेश घेण्याआधी वाचा. बारावीच्या निकालानंतर वाचून फायदा नाही.

नववीत शाळेत भाषा-विषय बदलण्याच्या भानगडीत पडू नका. कर्नाटकच्या दहावीत पहिल्या भाषेला १२५ गुण असतात. तिथे मराठीचा पर्याय मंडळ देतं, पण शाळेत शिकवणारं कुणी नसेल तर तो पर्याय कागदावरच राहतो. आणि कन्नडमध्ये त्याचा जम बसला आहे तो बसू द्या. कर्नाटकात नोकरी करायची झाली तर तोच उपयोगी पडेल.

मुलीचं मात्र अजून हातात आहे. राज्यांची फेररचना झाली त्याच १९५६ साली सातव्या घटनादुरुस्तीने संविधानात कलम ३५०-अ आलं: भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावं म्हणून राज्याने सोय करावी. हे आजोबांना आणि नातवाला दोघांनाही माहीत असलेलं बरं. कर्नाटकात मराठी असणं ही कुठली गैरसोयीची चूक नाही, संविधानाने ते गृहीत धरलं आहे. मराठी माध्यमात घातलं म्हणून कन्नड सुटत नाही. २०१५च्या कायद्यापासून पहिली ते दहावी कन्नड पहिली किंवा दुसरी भाषा म्हणून शिकवणं टप्प्याटप्प्याने सक्तीचं झालं आहे. शाळा बदलायची नसेल तर निदान दादाच्या वीस मिनिटांत तिलाही पाटी घेऊन बसवा. दुसरीचं मूल तीन महिन्यांत वाचायला लागतं, आणि बहीण पुढे जाते म्हटल्यावर दादाची वहीही भरते.

घराबाहेरच्या मराठीची काळजी बेळगावात कशाला? वैशाखातल्या शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक आहे. हिवाळ्यात कडोली, उचगाव, येळ्ळूर इथे गावोगावची साहित्य संमेलनं भरतात. तिथे त्याला प्रेक्षक म्हणून बसवू नका, कंटाळेल. पुस्तकांच्या स्टॉलवर किंवा पाणी वाटायला काम द्या. सौंदत्तीला यल्लम्माच्या डोंगरावर जाल तेव्हा रांगेत त्याला उभं करा: पुढचा माणूस कोल्हापूरचा, मागचा बागलकोटचा, आणि तोंडात दोघांच्याही ‘उदो’. काही समजावून सांगू नका.

पुढच्या १ नोव्हेंबरचं दसऱ्याच्या आसपासच ठरवून टाका, आदल्या रात्री नको. आजोबा त्यांच्या फेरीला जातील. मुलाला ना फेरीला ओढायचं, ना मिरवणुकीला मनाई करायची. नियम एकच, दोघांनाही लागू: कुणाच्या भाषेविरुद्ध घोषणा सुरू झाली की तिथून बाजूला व्हायचं, घोषणा कुठल्या का बाजूची असेना. आणि घरातल्या कुणाचाही फोटो त्याला विचारल्याशिवाय स्टेटसला नाही. तुमचं निम्मं भांडण त्या फोटोचं होतं, मिरवणुकीचं नव्हे.

अजून एक. त्या बक्षिसाच्या निबंधाची वही घरात कुणी वाचली आहे का? आजोबांनी चाळीस वर्षं गोकाक-बैलहोंगलच्या शेतकऱ्यांशी भाव केला. त्यांना कन्नड तुमच्यापेक्षा चांगलं येत असणार. तिसऱ्या रविवारी नातवाला तो निबंध त्यांच्यापुढे वाचायला सांगा. एखादा गावाकडचा शब्द त्याने पुस्तकी वापरला असेल तर आजोबा त्याला तिथेच टोकतील.